खुडलेला कोपरा

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

औंढा, ता. ३ सप्टेंबर १९४७

ती. गंगूवन्सं यांस,
कालिंदीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही वाशीमहून पाठवलेली पिशवी वसराम गाडीवानानं काल आणून दिली. आत पोचलं ते असं: नारायण तेलाची बाटली एक, खडीसाखर अर्धा शेर, नवा पंचा एक, आणि बाळीच्या परकराला चिटाचं कापड. पंचा कोरा, म्हणून सरहद्दीच्या नाक्यावर त्याला करोडगिरीची जकात पडली, इकडच्या हाली नाण्यात सहा आणे. वसरामला मी चार आणे देत होते, त्यानं दोनच ठेवले. तेल बुचाशी पाझरून खडीसाखरेला वास लागला आहे, ती मामंजींपुरती वेगळी काढली. ते म्हणतात, औषध आन साखर एकदमच पोटात चालली, बरं झालं. पुढच्या खेपेला पंचा एकदा धुऊन पाठवावा. जुना म्हणून सुटतो.

तुमच्या नानांची तब्येत विचारली आहेत. खरं ते लिहिते. दुसऱ्या श्रावण सोमवारी अंगात ताप होता तरी रानात गेले, पळसाचा भारा आणला आणि ओसरीवर टेकले ते दोन दिवस उठले नाहीत. पायांवर सूज आहे. आता रानात जाणं मी बंद केलं आहे. देवळात सोमवारची गर्दी, यात्रेकरू दारात येऊन विचारतात, "मार्तंडनाना, पत्रावळी हायेत का?" मी आतून नाही म्हणायच्या आत मामंजी "व्हय व्हय, बसा" म्हणून मोकळे. ऐंशी उलटली, पण अजून घरचं पान संपलं म्हणायची त्यांना लाज वाटते.

तेल गुडघ्याला चोळायला बसले तर मला म्हणाले, "आधी दाराला लाव. त्याची कुरकुर माझ्याहून जास्त हाय." दाराला लावलं. तेव्हा कुठे पाय पुढे केला.

तुमचे बंधू हिंगोलीस पेढीवरच असतात, आठवड्यानं येतात. घरी मी, बाळी आणि मामंजी. वैद्यांचा काढा चालू आहे. काळजी करू नये असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. थोडी करावी.

आपली,
कालिंदी

*

वाशीम, ता. ११ ऑक्टोबर १९४७

चि. सौ. कालिंदीस गंगूचा आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र पोचलं. डाकवाल्यानं हाक दिली तेव्हा मी मागं भांडी घासून राहिले होते. सासूबाईंनी पुढं होऊन पत्र घेतलं आणि तिथंच ओट्यावर ठेवलं. मला म्हणाल्या, "गंगू, घरात येऊ नको. तशीच हिरीवर जा." मी पाहिलं तर पत्राचा कोपरा फाटलेला.

उघडायला हात केला. बोटं राखेची होती. सासूबाई म्हणाल्या, "आता वाचायचं काय राहिलं? कोपऱ्यानं सांगितलं ते काय कमी हाय?" त्यांनी ते न उघडता फाडून ओढ्यात सोडलं. असलं मरणाचं पत्र घरात ठेवत न्हाईत, ते मलाही ठाऊक आहे. यांची स्वारी बाजाराला गेलेली. तर नाना कोणत्या दिवशी गेले, तोंडात गंगा कोणी घातली, रामकिशन हिंगोलीहून पोचला होता का न्हाई, हे मला काहीच माहीत न्हाई. ते तू पुन्हा लिही.

लेकीला तीन दिवसांचं सुतक. तीन दिवस धरले, चौथ्या दिवशी न्हाले, जोंधळे दळायला बसले. बाप गेल्यावर लेकीच्या वाट्याला तीनच दिवस कोणी ठेवले असतील?

इथं नानांना ओळखणारं कोणी न्हाई, म्हणून तुलाच लिहिते. तू त्या घरात मागून आलीस. नानांचे वडील पटकीत गेले तेव्हा नाना लेकरू होते. पुसेगावाहून मामाचं बोट धरून औंढ्याला आले. देवळातल्या म्हाताऱ्या गुरवानं विचारलं, काय येतं? नाना म्हणाले, काही येत न्हाई. गुरव म्हणाला, मग जा, पळसाची पानं आण. त्या दिवसापासून पानाला लागले ते लागलेच. पहाटे रानात, ऊन चढायच्या आत भारा डोक्यावर, दिवसभर काडीनं टोचणं. आखाडा बाळापूरच्या बाजाराला पत्रावळींचे गठ्ठे डोक्यावर घेऊन चालत जायचे. गाडीत का घालत न्हाई म्हटलं तर म्हणायचे, "गाडीत पान चुरतं. डोस्क्यात काय हाय चुरायला?"

आई गेली तेव्हा रामकिशन रांगत होता. लोक म्हणाले, दुसरं लगीन कर. नानांनी आढ्याला झोळी बांधली, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, आणि हात पानाला. रामकिशन झोळीत आणि मी पानाच्या ढिगात, असे आम्ही वाढलो. पान हातात आलं की नाना आधी देठ खुडायचे. मी देठासकट टोचलं की चापट न्हाई, शिवी न्हाई, नुसतं म्हणायचे, "गंगे, देठ जेवणाऱ्याच्या हाताला लागतो. कुनाला काही द्यायचं तर देठ खुडून द्यावं."

माझ्या लग्नाच्या सगळ्या पत्रावळी एकट्यानं केल्या. पंगत बसली तर नानाच पानावर न्हाईत. सासरची माणसं म्हणाली, मुलीचा बाप आमचा मान मोडून राहिला. नाना वाकून एकेक पान बघत चाललेले. म्हणाले, "बसतो की. कुनाच्या मांडीवर कढी न्हाई ना चालली, येवढं बघू द्या."

पाच वर्षांत माहेरी आले न्हाई. कधी सासूबाईंचं दुखणं, कधी नाक्याची कटकट. नाना काही बोलले होते का माझ्याबद्दल? बोलले नसतील तरी तसं लिही.

तुझी,
गंगू

*

॥ श्री ॥ ॥ श्री ॥ ॥ श्री ॥

औंढा, ता. २० ऑक्टोबर १९४७

ती. गंगूवन्सं यांस सा. न.

मामंजी आहेत. आधी हे वाचा, बाकीचं मागून वाचा. मी हे लिहिते आहे तेव्हा ते ओसरीवर बसून बाळीला द्रोण करायला शिकवत आहेत, आणि ती ऐकत नाही म्हणून दोघांची बाचाबाची चालली आहे.

तुमचं पत्र आलं तेव्हा वर श्री नाही, मरणाच्या पत्रावर घालत नाहीत तसं. मला वाटलं तुमच्याकडे काही झालं. मी चुलीपाशी बसून वाचत होते. बाहेरून मामंजींनी विचारलं, "कुनाचं पत्र?" मी म्हटलं, वन्संचं. "काय म्हणती?" मी पत्राची घडी घालू लागले. "अगं, मोठ्यानं वाच की. मॅट्रिक सून कशाला आणली मी?"

काय करणार. मरणाचं, सुतकाचं सोडून दिलं आणि पुसेगावापासून पुढचं वाचलं. जिथे तुम्ही "होते" लिहिलं तिथे "आहेत" केलं, जिथे "म्हणायचे" तिथे "म्हणतात". मामंजी मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होते. मामाच्या बोटाला धरून नव्हे, मामाच्या पाठीवर. पायाला काटा लागला होता. झोळीची दोरी डाव्या अंगठ्याला. लग्नात कढी नव्हती, आमटी होती. सगळं ऐकून झालं. मग म्हणाले, "गंगू माझं येवढं चांगलं काहून लिहून राहिली? जित्या माणसाचं इतकं चांगलं कोनी लिहीत न्हाई."

मी आत जाऊन पदर तोंडात धरला.

आता त्या कोपऱ्याचं. ते पत्र मी लिहिलं तेव्हा कागद चारी बाजूंनी अखंड होता. वसराम हिंगोलीस जाणार होता, त्याच्या हाती टपालात टाकायला द्यायचं होतं. मामंजी म्हणाले, "आण इकडं. गंगूला द्यायचं ना? माझ्या हातानं देतो." वसराम येईपर्यंत ते मांडीवर घेऊन बसले होते. मी आत भाकरी थापत होते. तुमचं पत्र वाचल्यावर मी त्यांच्या बसायच्या जागी जाऊन पाहिलं. पंचांगाचा कोपरा नाही. मिठाच्या पुडीचा नाही. तापापासून रान सुटलं, हाताला पान नाही, म्हणून जे हाताला लागेल त्याचा देठ खुडतात. त्यांना ते कळतही नाही. त्यांना अक्षर येत नाही, वन्सं. कोपरा फाटला की पत्राचा अर्थ काय होतो, ते त्यांना कोण सांगणार? त्यांना कधी कोणाचं पत्रच येत नव्हतं. त्यांनी तुम्हाला द्यायचं म्हणून देठ खुडून दिलं.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नये.

त्या पत्रात काय होतं ते पुन्हा लिहिते. शब्द त्यांचे आहेत, मी फक्त उतरवले: "गंगे, सासूला इचारून दोन दिसासाठी येऊन जा. तुला एक इचारायचं हाय. ते पत्रात इचारता येत न्हाई. तू समोर पाहिजे." मी म्हटलं, काय विचारायचं ते मला सांगा, मी लिहिते. म्हणाले, "तुला न्हाई कळायचं. तू तवा नव्हती."

वैद्य सूज वर चढते आहे म्हणतात. रोज दुपारी गाडीची घुंगरं वाजली की मान वर होते. मला विचारतात, "काहून येऊन न्हाई राहिली? रागावली का?" मी म्हणते, येतील. आता पत्र मिळताच या.

कालिंदी

*

॥ श्री ॥

वाशीम, ता. ५ नोव्हेंबर १९४७

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

तुझे तीन श्री पाहिले आणि तिथंच ओट्यावर बसले. सासूबाई धावत आल्या, "आता कोन गेलं?" मी म्हटलं, कोणी न्हाई गेलं, आले. त्यांना दोनदा वाचून दाखवलं. मग त्या संध्याकाळपर्यंत चुलीकडं तोंड करून बसल्या. रात्रीच्या भाकरीला माझ्या ताटात आपल्या हातानं लोणी वाढलं आणि म्हणाल्या, "ज्याची खोटी बातमी उठती त्याचं आयुष्य वाढतं." मी लोणी खाल्लं. त्यांचाही बाप असाच कोपऱ्यातून कळला होता, तेव्हा त्या माझ्याहून लहान होत्या.

यांनी गाडी सांगितली आहे. भाऊबीजेला पोचते. रामकिशनलाही हिंगोलीहून बोलावून घे, दोघांना ओवाळीन.

नानांना काय विचारायचं असेल, याचा घोर लागला आहे. आईची नथ मला द्यायची का तुला, ते असेल का? ती तुझ्याकडेच राहू दे, मी तोंड उघडणार न्हाई. का मला सासरी सुख आहे का न्हाई ते विचारणार? तर सांग त्यांना, आहे. का मी लग्नानंतर पान टोचायचं विसरले का, ते? न्हाई विसरले. इथंही श्राद्धपक्षाला मीच टोचते.

इकडं तुमच्या बाजूची माणसं बोचकी घेऊन येऊन राहिली. जाळपोळीचं काय काय सांगतात. आमचे हे म्हणतात, नाका चालू आहे तोवर निघू. नानांना सांग, रागावले न्हाई. निघालेच.

गंगू

*

वाशीम, ता. १५ नोव्हेंबर १९४७

कालिंदी,

नाक्यावरून परत फिरवलं. तिकडची माणसं गाड्या भरून इकडं येतात आणि आमची एकच गाडी तिकडं तोंड करून. शिपाई म्हणाला, "बाई, उलटी काहून निघाली? लोक तिकडून पळून राहिले." मी म्हटलं, माझा बाप आहे तिकडं. तो म्हणाला, "समद्यांचे बाप तिकडंच हायेत." दुपारपर्यंत झाडाखाली बसलो. आमच्या यांनी पुष्कळ विनवलं. मग बैल वळवले.

करंज्या नाक्यावरच्या लेकरांना वाटल्या. ओवाळणीचं तबक तसंच घरी आणलं.

नानांना सांग, मी निघाले होते. हे त्यांना ऐकू जाईल असं, कानाशी जाऊन सांग.

गंगू

*

औंढा, ता. १२ डिसेंबर १९४७

ती. गंगूवन्सं यांस,

वर श्री घातलेलं नाही, त्यावरून ओळखा. पत्राचा कोपरा फाडायचा की नाही यावर आमच्यात बोलणं झालं. हे म्हणाले, रीत आहे, फाड. मी नाही फाडला. पुन्हा कोणी न वाचता ओढ्यात सोडू नये म्हणून. सासूबाईंना सांगा, हे पूर्ण वाचायचं पत्र आहे.

मामंजी कार्तिक वद्यात, शनिवारी दुपारी गेले. हे घरी होते. गंगा यांनीच घातली. पाच-सहा दिवस आधीपासून अन्न सुटलं होतं. जास्त त्रास झाला नाही, असं वैद्य म्हणतात. मी जवळ होते, मी तसं म्हणणार नाही.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळीच त्यांनी अंघोळ मागितली. तुम्ही पाठवलेला पंचा नेसले, तो तोवर त्यांनी जपून ठेवला होता. ओसरीच्या खांबाला टेकून बसले. यांना म्हणाले, "रामकिशन, तू आत बस. तिला आधी मी दिसलो पाहिजे." उन्हं कलली, दिवे लागले. मी म्हटलं, मामंजी, आत चला, थंडी आहे. म्हणाले, "बैल दमले असतील. सावकाश येऊन राहिली." तुमचं कार्ड त्यानंतर आठ दिवसांनी आलं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे कानाशी जाऊन सांगितलं, वन्सं निघाल्या होत्या, नाक्यावरून परतवलं. त्यांनी मान हलवली. पण ऐकलं कितपत, ते सांगता येत नाही, कारण थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "आली का?"

शुक्रवारपासून दृष्टी गेल्यासारखी झाली. माणूस ओळखत ते आवाजावरून, तेही कधी. शनिवारी सकाळी मी तोंडात पाणी घालायला बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "गंगे." मी कालिंदी म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "नाना." जन्मात पहिल्यांदा त्यांना नाना म्हटलं.

पुढचं जसं झालं तसं लिहिते. एक शब्द इकडचा तिकडं करत नाही, कारण त्यावरच माझं सगळं अडलं आहे.

म्हणाले, "आलीस?"

"आले, नाना."

"देवळाच्या भंडाऱ्याच्या दिशी समदे जेवले. साऱ्या पंचक्रोशीचं मानूस जेवलं."

"व्हय."

"पंगत उठली. मी पानं उचलून राहिलो व्हतो. तू कुठं दिसना. मंग पानाच्या ढिगात झोपलेली दिसली. उचलून घरला आनली."

मी दुसऱ्या हातानं पेला खाली ठेवला.

"सकाळी इचारीन म्हटलं. सकाळी रानात गेलो. मंग राहूनच गेलं. तू लहान व्हतीस, पर तुला ठावं असल. त्या दिशी तू जेवली व्हती का न्हाई?"

वन्सं, मला ते ठाऊक नाही. मी तेव्हा नव्हते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. जन्मभर सगळ्या मुलखाला पान मांडणाऱ्या त्या माणसानं एवढी एकच गोष्ट मनात धरून ठेवली होती, आणि विचारायची ती माझ्यासारख्या भलतीलाच विचारली. देवाचं नाव घेऊन खोटं बोलू नये असं मी बाळीला शिकवते. पण ते वाट पाहत होते. हाताची पकड सैल होत नव्हती. मी म्हटलं, "जेवले, नाना."

"पोटभर?"

"पोटभर."

"काय व्हतं?"

हे विचारतील असं मला वाटलं नव्हतं. भंडाऱ्यात काय असतं ते मनात आणलं आणि म्हटलं, "बुंदी होती."

त्यांचे ओठ हलले, तेही बहुतेक बुंदी म्हणायलाच. मग माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर बोलले नाहीत. दुपारी गेले.

हे म्हणतात, त्यांचं समाधान झालं म्हणून हात सोडला. शेजारच्या पारुबाई म्हणतात, तुला पुण्य लागलं. मला तसं वाटत नाही. त्या भंडाऱ्यात बुंदी नसेलच तर? लापशी असेल, शिरा असेल, तर त्यांना त्या क्षणी कळलं असेल की ही गंगू नव्हे, आणि हात सोडला तो त्यासाठी. मग ते तुमच्या हाताशिवाय गेले आणि माझ्या खोट्यासकट गेले.

तेराव्याची पंगत त्यांच्याच हातच्या पत्रावळींवर झाली. श्रावणात करून ठेवलेल्या निघाल्या. किती लागल्या, किती उरल्या, मी मोजल्या नाहीत. तुमच्या नावाचं एक पान मांडून बाजूला ठेवलं होतं. संध्याकाळी ते गाईला दिलं.

नथ तुमची आहे. वाट सुरळीत झाली की वसरामबरोबर पाठवीन. तुम्ही सावध राहा. सासूबाईंना माझा नमस्कार, त्यांच्यावर राग धरू नये.

बाकीचं सगळं मागून लिहा, सवडीनं लिहा. पण एवढं मात्र न थांबता लिहा, कार्डावर दोन ओळी पुरे. नाका बंद असेल तर कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्या. त्या भंडाऱ्याच्या दिवशी तुम्ही जेवला होता का, आणि जेवणात बुंदी होती का, हे उलट टपाली कळवा.

आपली,
कालिंदी